मिनेसोटा: पिवळे पक्षी चार्डची पानं फाडतायत, आणि थंडीआधी बाग साफ करायची का?

ओवी_मि

नमस्कार मंडळी. आम्ही ट्विन सिटीजच्या (मिनियापोलिस-सेंट पॉल) एका उपनगरात गेल्या हिवाळ्यात घर घेतलं. त्याआधी कायम अपार्टमेंट, त्यामुळे मागच्या दारी स्वतःची माती हे प्रकरण पहिल्यांदाच. मे संपता संपता दोन वाफे केले. टोमॅटो, मिरच्या, भेंडी, बीट आणि स्विस चार्ड. कडेला सूर्यफुलं लावली. जांभळी कोनफ्लॉवर्स आधीच्या मालकांची होतीच.

चार्डची अळूसारखी पातळ भाजी फार छान होते, म्हणून त्यावर माझा विशेष जीव. तर गेल्या पंधरवड्यापासून त्याची पानं चिंध्या झाल्यासारखी दिसतायत. बीटच्या पानांचंही तेच. आधी गोगलगायी वाटल्या. मग परवा सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं तर दोन पिवळेजर्द, काळ्या पंखांचे चिमुकले पक्षी चार्डच्या दांड्यावर बसून पान ओरबाडत होते! लेकीला ते इतके आवडलेत की तिने त्यांना हाकलायला सक्त मनाई केली आहे.

तर प्रश्न असे. हे पक्षी खरंच पाला खातात का? दाणे ठेवले तर चार्ड सोडतील का, की आणखी पाहुणे गोळा होतील? शेजारचे आजोबा म्हणतात जाळी टाक. आणि दुसरं, तेच आजोबा सप्टेंबर अखेरीस सगळं मुळासकट उपटून, पानं पिशव्यांत भरून जमीन चकाचक करतात. मी तसंच करायचं का? मला दोन्ही हवंय, भाजीही आणि पक्षीही.

रानवेडा

ससे असतील हो. आमच्याकडे सशांनी बीन्सचा फडशा पाडला. जाळी टाका आणि मोकळ्या व्हा.

परसातली

रानवेडा, ससे नव्हेत. ससा खातो तेव्हा दांडा कात्रीने तिरपा कापल्यासारखा दिसतो आणि वरचं पान गायबच होतं. गोगलगाय पानाच्या मधोमध भोकं पाडते आणि चकचकीत माग सोडते. पानात आतल्या आत पांढरट नागमोडी पट्टे किंवा फोड दिसले तर ती पान पोखरणारी अळी, ती बीट, चार्ड, पालक तिन्हींवर येते. ओवी, तुझ्याकडे पानाच्या कडेकडून आत त्रिकोणी तुकडे फाडलेले असतील आणि शिरा बऱ्याचशा तशाच उरल्या असतील, बघ जवळ जाऊन. हे काम गोल्डफिंचचं, म्हणजे तुझ्या त्या पिवळ्या पक्ष्यांचं. पाला खरंच खातात. चार्ड, बीट, आणि सूर्यफुलाचीसुद्धा पानं. इथल्या लहान पक्ष्यांत इतका कट्टर शाकाहारी दुसरा मिळायचा नाही. बाकीचे दाणे खाणारे पक्षीसुद्धा पिल्लांना अळ्या-किडे भरवतात, हा पिल्लांनाही मुख्यतः बियाच भरवतो, आपल्या पोटात मऊ करून. त्यातून एक गंमत होते. काउबर्ड म्हणून कोकिळेच्या पंथातला एक पक्षी आहे, तो आपली अंडी दुसऱ्यांच्या घरट्यांत घालतो. गोल्डफिंचच्या घरट्यात त्याचं पिल्लू जन्मलं तर नुसत्या बियांवर ते जगत नाही.

आता ऑगस्टातच का दिसायला लागले? कारण यांचं सगळं उशिरा. रॉबिनची दुसरी वीण संपत येते तेव्हा हे घरटं बांधायला घेतात, जूनच्या शेवटी किंवा जुलैत. काटेरी थिसल आणि मिल्कवीडची म्हातारी उडायला लागली की तिचं मऊ अस्तर करतात. घरटं इतकं घट्ट विणलेलं असतं की पावसाचं पाणी त्यात साचून राहू शकतं. म्हणजे आत्ता तुझ्या परसात येणारे ते दोघे बहुतेक पोराबाळांचे आहेत, दिवसभर खाणं गोळा करणं हाच धंदा. आणि लेकीला आताच सांगून ठेव, ऑक्टोबरात नराचा पिवळा रंग उतरून तो मळकट हिरवट-तपकिरी होईल. दरवर्षी कोणीतरी मला विचारतं, "ते पिवळे पक्षी कुठे गेले?" कुठे नाही गेले, खांबावर समोरच बसलेत, कपडे बदललेत फक्त.

दाणे ठेवून चार्ड सुटेल का, तर पूर्ण नाही. माझ्याकडे फीडर भरलेला असतानाही ते चार्डवर येतात. त्यावर इलाज एकच, पांढरं हलकं रो-कव्हर, नर्सरीत मिळतं ते. अर्ध्या वाफ्यावर कमानी रोवून ते ताणून बसव, कडा मातीत दाब. उरलेला अर्धा वाफा त्यांचा. चार्ड कापल्यावर पुन्हा फुटतं, तेव्हा उदार व्हायला हरकत नाही. त्याच कापडाने पान पोखरणारी माशीही अडते, फक्त ते पीक उगवण्याआधीच घालावं लागतं, आणि गेल्या वर्षी जिथे ती अळी होती तिथे नव्हे, कारण ती मातीतच मुक्काम करते. पण ती मोठ्या भोकांची काळी सैल जाळी कृपा करून टाकू नकोस. तिच्यात पक्षी अडकतात, साप अडकतात, आणि सकाळी कात्री घेऊन तुलाच सोडवत बसावं लागतं.

दाण्यांचं सांगते, कारण यात लोक पैसे फार फुकट घालवतात. दुकानात सगळ्यात स्वस्त ते मिश्रण मिळतं त्यात लाल गोल दाणे भरपूर असतात. ती ज्वारी आहे. आपल्याला ज्वारी प्रिय, इथल्या पक्ष्यांना नाही. चोचीने उडवून खाली टाकतात, मग खाली उंदीर येतात. त्यापेक्षा काळं बारीक सूर्यफूल घे, साल पातळ असते, चिमुकल्या चिकडी पक्ष्यापासून लाल कार्डिनलपर्यंत सगळ्यांना चालतं. गोल्डफिंचसाठी नायजर म्हणून जे काळे बारीक दाणे विकतात ते दुसरं तिसरं काही नाही, आपली कारळी. चटणीतली. भारतातून आणि इथिओपियातून येतात, आणि तणाचं बी रुजू नये म्हणून इथे आणताना त्यांना उष्णता देतात. त्यामुळे खाली सांडले तरी कारळ्याचं रान माजत नाही. मात्र जुने, वाळके दाणे गोल्डफिंच तोंडात धरत नाहीत. नखाने दाबून बघ, तेल सुटलं पाहिजे. लहान पिशवी आण, मोठी नको. आणि कार्डिनल हवे असतील तर करडई. सोलापूरकडच्यांना हे वाचून हसू येईल, पण खरंच, मिनेसोटात बर्फावर बसलेला लालभडक कार्डिनल करडई फोडत असतो. खारी आणि ग्रॅकल नावाचे काळे पक्षी करडईला फारसं तोंड लावत नाहीत हा वरचा फायदा.

आता तुझा दुसरा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शेजारच्या आजोबांचं अर्धं बरोबर आहे. भाजीचा वाफा साफ करायचा, फुलांचा नाही.

टोमॅटोच्या खालच्या पानांवर आत्ता तपकिरी ठिपके असतीलच, इथल्या दमट ऑगस्टात करपा कोणालाच चुकत नाही. ते वेल-पानं सगळी काढायची, घरच्या कंपोस्टात टाकायची नाहीत. भोपळा-झुकिनी लावलीस तर त्यांचे वेलही काढायचे. यात दयामाया नको.

पण कोनफ्लॉवर आणि सूर्यफूल यांना हात लावू नकोस. कोनफ्लॉवरचं वाळलेलं बोंड दिसायला काळं, काटेरी, ओबडधोबड दिसतं, पण त्यात बिया ठासून भरलेल्या असतात. गोल्डफिंच त्यावर उलटा लटकून एकेक ओढतो आणि खाली बर्फावर सालपटांचा सडा पडतो. तुझ्या कुंपणाबाहेर गोल्डनरॉड असेल, पिवळा तुरा येतो तो, तर त्याच्या वाळल्या दांड्याला मधेच लिंबाएवढी गोल गाठ दिसते का बघ. तिच्या आत एका माशीची अळी हिवाळाभर असते. डाउनी सुतार पक्षी जानेवारीत येऊन त्या गाठीला नेमकं बारीक भोक पाडून अळी काढतो. चिकडीही काढते, पण तिचं काम ओबडधोबड, गाठ चिंधडून टाकते. कोणी खाल्लंय ते भोकावरून कळतं. लेकीला फेब्रुवारीत या गाठी शोधायला लाव, घरात बसून कंटाळलेलीच असते पोरं.

चिकडीचं वजन दहा-अकरा ग्रॅम. उणे वीस फॅरनहाइटच्या रात्री ती आपलं शरीराचं तापमान चांगलं दहाएक अंश सेल्सियसने खाली उतरवते आणि तशी रात्र काढते. शरदात हजारो दाणे एकेक करून सालीच्या फटींत लपवते आणि पुष्कळसे लक्षात ठेवून परत काढते. पण उन्हाळ्यात पिल्लांना तिला अळ्याच लागतात, तेही हजारोंनी. आणि या अळ्यांचे कोष कुठे असतात? पडलेल्या पानांत. म्हणून पानं पिशवीत भरून कचऱ्याला देणं मला पटत नाही. हिरवळीवरची उचल, ती ओली होऊन गवत कुजवतात. पण उचलून झाडांच्या बुंध्याशी आणि फुलांच्या वाफ्यात पसर. वसंतात घाई करून उचलू नकोस. कोनफ्लॉवरचे दांडे मेमध्ये काप, तेही फूटभर-दीड फूट बुडखे ठेवून, काही रानटी मधमाश्या त्या पोकळीत अंडी घालतात. शेजारी नाक मुरडतील. पुढची कड नीट कापून ठेव, म्हणजे मागचा गबाळेपणा मुद्दाम केलाय हे दिसतं.

ऑक्टोबरात रिकाम्या झालेल्या वाफ्यात लसूण लाव. पाकळी टोक वर करून दोन-तीन इंच खोल, वर जाड पेंढा. तो बर्फाखाली मजेत राहतो आणि जुलैत निघतो. त्याआधी जूनमध्ये त्याचे कोवळे वळलेले तुरे काढावे लागतात, त्यांचा ठेचा करून बघ. कोथिंबीर आणि मेथी मात्र आत्ताच पेर, लगेच. जूनच्या साडेपंधरा तासांच्या दिवसात कोथिंबीर वीतभर होते न होते तोच फुलावर येते, आता दिवस आखडायला लागलेत तर ती पानं देईल. पहिलं दव गोठेपर्यंत तुला अजून महिना-दीड महिना आहे.

एक मात्र सांगायचं राहिलं. कोणी प्रेमाने गांडुळं आणून वाफ्यात सोड म्हणालं तर थांब. आपल्या डोक्यात शेतकऱ्याचा मित्र पक्कं बसलंय. मिनेसोटात मूळची गांडुळं नाहीतच, हिमयुगातल्या बर्फाच्या थराखाली हा सगळा भाग होता. आत्ता आहेत ती सगळी नंतर माणसांबरोबर आलेली, आणि मेपलच्या जंगलातला पानांचा थर ती खाऊन टाकतात, मग तिथली रानफुलं रुजत नाहीत. त्यात आता उड्या मारणारी एक जात आली आहे, तिने खाल्लेली माती कॉफीच्या चोथ्यासारखी रवाळ होते. विकतची रोपं आणशील तेव्हा कुंडीतली माती बघून घे.

डुलुथकर

परसातली ताईंचं सगळं मान्य, फक्त उत्तरेकडच्यांसाठी एक दुरुस्ती. आमच्याकडे अस्वलं आहेत. एप्रिल ते नोव्हेंबर फीडर बाहेर ठेवू नका असा राज्याच्या वनखात्याचाच सल्ला आहे. सूर्यफुलाचे दाणे म्हणजे अस्वलाला मेजवानी, खांब वाकवून नेतं. एकदा घराशी खायला मिळतं हे कळलं की ते परत परत येतं, आणि शेवटी त्यात अस्वलच मरतं. उन्हाळ्यात आम्ही फक्त फुलं आणि पाण्याचं तसराळं यावर भागवतो, पक्षी काही कमी येत नाहीत. हिवाळ्यात तळाशी हीटर असलेलं पक्ष्यांचं टाकं मिळतं ते घ्या, उणे तापमानात उघडं पाणी दाण्यापेक्षा दुर्मीळ.

आणि आमच्या घरी सूएट चालत नाही, म्हणजे गाईची चरबी असते ती, आईला घरात नको. त्याऐवजी बिनमिठाचे शेंगदाणे जाळीच्या नळीत घालतो. सुतार, नटहॅच, ब्लू जे सगळे येतात.

चिमणीप्रेमी

करडई-कारळी सगळं ठीक, पण आपल्या चिमण्यांचं काय? मी तर शिळ्या पोळीचा चुरा टाकते, चाळीस-पन्नास चिमण्या जमतात. भारतात कमी झाल्या म्हणून आपण रडतो, इथे आल्या तर ताई त्यांना दाणा नको म्हणणार का?

परसातली

चिमणीप्रेमी, मलाही चिवचिवाट ऐकला की माहेर आठवतं, पण होय, इथे नको म्हणेन. या चिमण्या इथल्या नव्हेत. १८५१ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये युरोपातून आणून सोडल्या आणि खंडभर पसरल्या. निळे ब्लूबर्ड आणि ट्री स्वॉलो झाडाच्या ढोलीत किंवा खोक्यात घरटं करतात, चिमण्या आत शिरून त्यांची अंडी फोडतात, पिल्लंच काय, बसलेली मादीही मारतात. म्हणून पोळीचा चुरा आणि भरडलेला मका बंद करून बघा, गर्दी आपोआप ओसरते. खोकं लावणार असाल तर भोक सव्वा इंचापेक्षा कमी ठेवा, नेमकं म्हणजे एक आणि एक अष्टमांश इंच. चिकडी आणि रेन आत जातात, चिमणी अडते. ब्लूबर्डला दीड इंच लागतं, त्यात चिमणीही मावते, तेव्हा ते खोकं लावून विसरून जायचं काम नाही, आठवड्याला उघडून बघावं लागतं.

कायद्याचंही सांगते. १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आहे. त्याखाली रॉबिन, फिंच, रेन यांची अंडी-पिल्लं असलेलं घरटं हलवता येत नाही, मग ते तुमच्या दाराच्या चौकटीवर का असेना. चिमणी, स्टार्लिंग आणि पारवा यांना ते संरक्षण नाही.

डुलुथकर, तसराळ्याचं बरं आठवण केलंत. पाणी रोज बदला, आणि फीडर दोन आठवड्यांनी रिकामा करून एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी यात बुडवून धुवा, पूर्ण वाळवून मगच भरा. हाउस फिंचचे डोळे सुजून चिकटलेले दिसले तर फीडर सरळ काही दिवस उतरवा, तो संसर्ग दाण्याच्या नळीवरूनही पसरतो.

ओवी_मि

बाप रे, किती माहिती! ताई, खूप आभार. पानं बघितली, अगदी तसेच त्रिकोणी तुकडे आहेत. रो-कव्हर आणलंय. अर्धा वाफा लेकीने पक्ष्यांच्या नावावर केला, त्यावर पाटीही लावली आहे.

अजून दोन शंका. फीडर खिडकीजवळ लावू की लांब? काल एक पक्षी काचेवर आपटला, थोडा वेळ बसून उडून गेला, पण जीव घाबरा झाला. आणि हमिंगबर्डसाठी सासूबाई म्हणतायत साखरेपेक्षा गूळ किंवा मध घाल, पौष्टिक असतं.

परसातली

फीडर एकतर काचेपासून तीन फुटांच्या आत, म्हणजे उडताना वेगच येत नाही, नाहीतर तीस फूट लांब. मधलं अंतर सगळ्यात वाईट. आणि त्या काचेवर बाहेरच्या बाजूने ठिपके लाव, दोन-दोन इंचांवर, सगळ्या काचेभर. ससाण्याचा एक काळा स्टिकर लावून काही होत नाही, पक्षी त्याच्या बाजूने आपटतो. अमेरिकेत काचांवर आपटून दरवर्षी कोट्यवधी पक्षी मरतात. सप्टेंबरात उत्तरेकडून येणाऱ्यांची रीघ लागते, तेव्हा हे काम बागेच्या कामांआधी कर.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग, पण गूळ नको आणि मधही नको. गुळातलं लोह त्या तीन ग्रॅमच्या जिवाला बाधतं, मध लवकर आंबतो. साधी पांढरी साखर एक वाटी, पाणी चार वाट्या. लाल रंग घालायचा नाही, फीडरचा लाल भाग पुरे. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी ओतून नवं भर. या वर्षी आता सप्टेंबर अखेरपर्यंतच येतील. तू पाणी लावलंस म्हणून ते जायचे थांबत नाहीत, तेव्हा घाईने उतरवू नकोस, उशिरा निघालेल्यांना उपयोगी पडतं. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच टांग, मदर्स डेच्या आसपास येतात. त्याच सुमारास केशरी ओरिओल येतो, त्याला अर्धं संत्रं कापून खिळ्याला टोच. आणि लाल फुलांच्या रनर बीन्सचा वेल लाव. फुलांवर हमिंगबर्ड येतो आणि कोवळ्या शेंगांची भाजी आपल्याला होते. आपल्याकडच्या पावट्याचा वेल लावायचा मोह होईल, पण तो दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही, आणि इथे फुलला की चारच दिवसांत गोठतो.

रानवेडा

माघार घेतो, ससे नव्हते :) ताई, लसणाचं विचारायचं होतं. किराणा दुकानातला गड्डा फोडून लावला तर चालेल का?

परसातली

उगवेल एखाद वेळी, पण भरवसा नाही. तो बहुतेक गरम भागातला, मऊ मानेचा असतो. शेतकरी बाजारात सप्टेंबरात हार्डनेक लसूण मिळतो, कडक दांड्याचा, तो इथल्या थंडीतून निघतो आणि तुरेही त्यालाच येतात. सगळ्यात मोठ्या पाकळ्या लावायला ठेवा, लहान फोडणीला. जमीन गोठायच्या तीन-चार आठवडे आधी लावा, मुळं धरायला तेवढा वेळ लागतो. आणि पेंढा घेताना विचारून घ्या, हे म्हणजे चाऱ्याचं गवत नाही ना, नाहीतर वसंतात लसणापेक्षा गवतच जोरात येईल.